पाठीवरचं घर : ट्रक कॅम्पर चढवायचा, चालवायचा आणि जपायचा कसा

कोजागिरीच्या दुधापाशी एका मित्राने फोनवरचा फोटो पुढे केला. पिकअप ट्रक त्याच्याकडे होताच, आता त्यावर चढवायचा जुना कॅम्पर स्वस्तात मिळत होता. "घेऊ का रे? बघायचं काय काय?" एका पेल्यात जेवढं मावलं तेवढं तिथेच सांगितलं. उरलेलं इथे लिहितोय, कारण हा प्रश्न मला कोलोरॅडोत दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवायची एक खोली. झोपायची जागा ड्रायव्हरच्या टपावर पुढे आलेली, खाली ओटा, शेगडी, सिंक, फ्रिज, आणि नशीब असेल तर संडास. मोटरहोमला स्वतःचं इंजिन असतं, मागे ओढायच्या ट्रेलरला निदान चाकं तरी असतात. याला यातलं काहीच नाही. हा हौद्यातला माल आहे, आणि त्याच्याशी मालासारखंच वागायला हवं. त्याचं वजन बेतात ठेवा आणि सांध्यांत पाणी शिरू देऊ नका. पुढचं सगळं बहुतेक या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

आधी वजन, मग आवड

कॅम्पर बघायला जाण्याआधी स्वतःच्या ट्रकचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडा. चौकटीवर टायरच्या माहितीचं पांढरं-पिवळं स्टिकर असतं. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जायचं नाही, हे छापलेलं असतं. हाच तुमच्या ट्रकचा पेलोड. जाहिरातीतला आकडा विसरा, तो त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या ट्रकचा असतो. शेजारच्या दुसऱ्या स्टिकरवर गाडीचं जास्तीत जास्त एकूण वजन आणि पुढच्या-मागच्या एक्सलची वेगवेगळी मर्यादा असते. तिन्ही आकडे टिपून घ्या.

आता आमचाच हिशेब देतो. आमच्या आधीच्या ट्रकच्या स्टिकरवर ३१२० पौंड होते, म्हणजे साधारण १४१५ किलो. विकणारा म्हणाला, "कॅम्पर २३५० पौंडांचा आहे, आरामात बसेल." कागदोपत्री खरं होतं. पण २३५० हे रिकाम्या कॅम्परचं वजन. त्यावर एसी, छत्री आणि नंतर बसवलेल्या वस्तूंचे २०० पौंड. ३० गॅलन पाणी भरलं की २५० पौंड, कारण एक अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८ लिटर आणि त्याचं वजन सव्वाआठ पौंडांच्या थोडं वर. भरलेले दोन प्रोपेन सिलिंडर ७५. बॅटऱ्या १२०. आम्ही तिघं मिळून ३३०. कपडे, अंथरुणं, कुकर, तांदळाची पिशवी, खुर्च्या, हत्यारं मिळून ३००. बेरीज ३६२५ पौंड. ट्रकच्या मर्यादेपेक्षा ५०५ पौंड जास्त, आणि तेही बाजारातून एक भाजी न आणता.

हा हिशेब घरी करा आणि मग खातरजमा काट्यावर करा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर 'कॅट स्केल'चे वजनकाटे असतात. पुढची चाकं एका पत्र्यावर, मागची दुसऱ्यावर अशी गाडी उभी केली की प्रत्येक एक्सलचं वजन वेगळं छापून मिळतं. प्रवासाला निघतो तसं सगळं भरून, माणसं आत बसवून काटा करा. एकूण वजन बेतात आणि मागचा एक्सल मर्यादेबाहेर, असं फार वेळा होतं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना आधार द्यायला हवेच्या पिशव्या मिळतात, झोल कमी करणारे जाड बार मिळतात. त्यांनी गाडी सरळ उभी राहते, वळणावर कमी डुलते, चालवायला बरं वाटतं. पण स्टिकरवरचा आकडा त्यांनी एका पौंडाने वाढत नाही. ब्रेक तेच, एक्सल तोच, चाकंही तीच.

टायरवर लोडची खूण बघा. जड कॅम्परखाली 'ई' श्रेणीचे टायर लागतात आणि त्यातली हवा थंड असताना मोजायची. टायरचं वयही बघा. बाजूवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत ते लिहिलेलं असतं. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या टायरचं रबर आतून गेलेलं असतं.

आणि तोल. कॅम्परच्या कुशीवर त्याच्या गुरुत्वमध्याची खूण असते. ती ट्रकच्या मागच्या एक्सलच्या थोडी पुढे यायला हवी. मागे गेली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागतं. लांब हौद्यासाठी बनवलेला कॅम्पर आखूड हौद्यात बसवणाऱ्यांची गडबड इथेच होते.

मित्राने दुसऱ्या दिवशी स्टिकरचा फोटो पाठवला : १६१२ पौंड. त्याचा तो स्वस्तातला कॅम्पर रिकामाच १९०० चा होता. सध्या तो तंबू बघतोय.

चढवताना

पहिल्या वेळी दोन तास हाताशी ठेवा. आता आम्हाला वीस मिनिटं लागतात, पण पहिल्यांदा मी आणि बायको निम्मा वेळ एकमेकांवर ओरडत होतो. त्यानंतर एक नियम केला : आरशात जी व्यक्ती दिसत नाही, ती 'थांब' म्हणाली असं समजायचं.

१. जागा सपाट आणि टणक हवी. मऊ माती असेल तर कॅम्परच्या कोपऱ्यांवरच्या चारही जॅकखाली जाड फळ्या घाला. वारा असेल तर तो दिवस सोडून द्या. चार काटक्यांवर उभं असलेलं हे कपाट वाऱ्याला फार भितं.

२. ट्रकचा फाळका काढून ठेवा. हौद्यात जाड रबरी चटई अंथरा. गुळगुळीत प्लास्टिकच्या अस्तरावर कॅम्पर सरकतो, चटईवर पकड धरतो.

३. कॅम्पर जॅकवर उचलून हौद्याच्या तळापेक्षा चार बोटं वर घ्या. चारही जॅक थोडे थोडे, आळीपाळीने. एक कोपरा एकदम वर नेला की सगळा भार तिरका होऊन समोरच्या जॅकवर येतो. पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित उंच असू द्या.

४. ट्रक रांगत मागे घ्या. पाहणाऱ्याने नजर चाकांवरच्या फुगवट्यांवर ठेवायची, कारण तिथे दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन बोटं जागा उरते. तिरका वाटला तर पुढे या आणि पुन्हा लावा. स्टिअरिंग फिरवून तिथल्या तिथे सरळ करायला गेलात की जॅकचा पाय गेलाच म्हणून समजा.

५. विजेची जाड वायर ट्रकच्या सात पिनांच्या सॉकेटला जोडा, मग कॅम्पर खाली सोडा. दिवे, इंडिकेटर, ब्रेकलाइट एकेक करून दुसऱ्या माणसाला बघायला सांगा.

या सगळ्या वेळात कॅम्परखाली हात, पाय, डोकं घालायचं नाही. चेंडू खाली गेला तर जाऊ दे. मुलांना घरात बसवा.

उतरवताना एक गंमत होते. जॅक वर घेऊ लागलात की पाट्यांवरचा भार कमी होतो आणि ट्रकही त्याबरोबर वर येत राहतो. कॅम्पर सुटला असं वाटतं, पण तळ अजून टेकलेलाच असतो. वाकून आरपार उजेड दिसल्याशिवाय ट्रक पुढे घेऊ नका.

इलेक्ट्रिक जॅक असले तरी हाताने फिरवायचा दांडा नेहमी जवळ ठेवा. कॅम्परच्या बॅटरीने मान टाकली की जॅकही मान टाकतात. जॅकच्या नळ्या वर्षातून दोनदा पुसून वंगण द्या. नळीवर गंजाचा ठिपका दिसला तर तो लगेच घासा.

बांधणं

हौद्याच्या पत्र्याला अडकवलेले हुक छोट्या, हलक्या कॅम्परला चालतात. जड कॅम्परला ट्रकच्या चासीला बोल्टने बसवलेले टाय-डाऊनच हवेत. पत्रा फाटतो, चासी फाटत नाही. चार कोपऱ्यांना चार साखळ्या आणि त्यांत पिळून ताण द्यायचे स्प्रिंगवाले टर्नबकल, ही रूढ पद्धत आहे. ताण हाताला टणक लागेल इतकाच द्या. जोर काढून पिळलंत तर कॅम्परच्या लाकडी सांगाड्यातला खिळा-स्क्रूच उपटून येतो, आणि ते तुम्हाला सहा महिन्यांनी कळतं.

निघाल्यावर पंधरा-वीस मैलांवर थांबून चारही परत तपासा. कॅम्पर बसतो, साखळ्या सैल होतात. नंतर प्रत्येक पेट्रोल पंपावर एक फेरी : साखळ्या, टायर, मागचं दार, छतावरच्या झडपा. फेरी नेहमी एकाच दिशेने घाला, म्हणजे काही राहत नाही.

रस्त्यावर

जमिनीपासून छतावरच्या सर्वांत उंच वस्तूपर्यंत टेप लावून मोजा. बहुतेक ती एसीची टोपी असते. आमची उंची ११ फूट ४ इंच आहे. तशी चिठ्ठी ड्रायव्हरसमोरच्या ऊन अडवायच्या झडपेला चिकटवली आहे आणि खाली ३.४५ मीटर असंही लिहिलं आहे, कारण कॅनडात शिरलं की पाट्या मीटरमध्ये असतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा रेल्वेपूल बऱ्याच जणांनी व्हिडिओत पाहिला असेल. ११ फूट ८ इंचांचा तो पूल वर्षानुवर्षं ट्रकांची छतं सोलत आला. २०१९ साली तो ८ इंच उचलला, तरी अधूनमधून कुणीतरी आदळतंच. पुलापेक्षा जास्त फसवतात त्या हॉटेलच्या पोर्च, गाडीत बसून व्यवहार करायच्या बँकेच्या खिडक्यांवरची छपरं आणि झाडाच्या फांद्या.

उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. आमच्या कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे. तिथून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना बेकाबू ट्रकांसाठी वाळूच्या वाटा काढलेल्या दिसतात, त्या उगाच नाहीत. बोगद्याच्या आधीच टो-हॉल मोड (जड भारासाठीची गिअरची सेटिंग) लावा, खालचा गिअर घ्या, आणि ब्रेक थोडा वेळ जोरात दाबून पूर्ण सोडा, असं करत उतरा. सतत हलका दाबलेला ब्रेक तापून कधी हवेत गेला ते कळतही नाही.

वाऱ्याबद्दल एवढंच : वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स हा आय-८० चा पट्टा उंच आणि हलक्या गाड्यांना वाऱ्यामुळे बंद केला जातो. 'आपण काही रिकामा ट्रेलर नाही' असं म्हणून पुढे जाऊ नका. गावात थांबा, चहा करा.

चालत्या गाडीत कॅम्परमध्ये कुणी बसायचं का? राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. आमच्या घरातला नियम एकच : जिथे सीटबेल्ट नाही तिथे माणूस नाही.

गॅस

आपल्याकडचा घरगुती गॅस ब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण असतो. ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचंच थांबतं, म्हणून इथे शुद्ध प्रोपेन. ते उणे ४२ सेल्सियसपर्यंत वाफ होतं. पण दोघेही हवेपेक्षा जड. गळती झाली की गॅस जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर गुडघ्याखाली बसवलेला असतो. त्याच्यासमोर बूट आणि पिशव्या रचून ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. दोन्हींच्या पाठीवर मुदतीची तारीख असते. आमच्या जुन्या कॅम्परमधला डिटेक्टर हिरवा दिवा दाखवत होता, आणि त्याची मुदत संपून चार वर्षं झाली होती.

सिलिंडर जोडल्यावर प्रत्येक सांध्यावर भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावा. बुडबुडा फुगला तर गळती. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्या नादी लागू नका. वास आला किंवा अलार्म वाजला तर बटण, पंखा, दिवा कशालाही हात न लावता दार उघडा, सगळे बाहेर पडा, सिलिंडर बाहेरून बंद करा. हिंग मात्र काचेच्या घट्ट बरणीत ठेवा. एकदा रात्री दोन वाजता आम्ही गळती समजून सगळे बाहेर थंडीत उभे होतो, आणि वास निघाला मसाल्याच्या डब्यातून.

शेगडी ही खोली गरम करायला नसते. ज्योत ऑक्सिजन खाते, कार्बन मोनॉक्साइड सोडू शकते, वर पाण्याची वाफही. हीटर लावा आणि तरी एक खिडकी दोन बोटं उघडी असू द्या. गाडी चालू असताना आणि पेट्रोल पंपावर शिरण्याआधी गॅस बंद. काही बोगद्यांत सिलिंडर घेऊन जाताच येत नाही. बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री बोगद्यात १० पौंडांपेक्षा मोठ्या सिलिंडरला मनाई आहे, तेव्हा शहराला बाहेरून वळसा घालून जायचं.

वसंतात पहिल्यांदा हीटर लावण्याआधी त्याची बाहेरची जाळी उघडून आत टॉर्च मारा. कुंभारीण माशीला ही नळी फार आवडते. तिचं मातीचं घर आत असेल तर धुराला बाहेर वाट राहत नाही. आम्ही एकदा स्क्रूड्रायव्हरने खरवडून मूठभर माती काढली, आत वाळलेल्या कोळ्यांसकट. तेव्हापासून वर बारीक जाळी बसवली आहे.

अग्निशामक दाराजवळ असू द्या, शेगडीच्या मागे नको. आणि वरच्या बिछान्यावरच्या छताच्या झडपेतून बाहेर पडायचा सराव एकदा दिवसा करा. माझं पोट तिथे अडकतं हे मला वेळेवर कळलं.

वीज

शिशाच्या बॅटरीचा व्होल्टेज १२.१ च्या खाली जाऊ देऊ नका, तिथे ती अर्धी रिकामी झालेली असते. लिथियम बॅटरी शून्य सेल्सियसखाली चार्ज करायची नाही. बाकी बहुतेक गोष्टी फ्यूजच्या पेटीत उलगडतात.

एकच धोका खुलासेवार सांगायला हवा. कॅम्परचा ३० अँपिअरचा प्लग १२० व्होल्टचा असतो. घरच्या गॅरेजमध्ये त्याचं सॉकेट बसवायला इलेक्ट्रिशियन बोलावला की तीन पिनांचा ३० अँपिअर प्लग बघून तो कपडे वाळवायच्या मशीनचा समजतो आणि २४० व्होल्ट जोडून मोकळा होतो. फ्रिज, चार्जर, एसी सगळं एका क्षणात जातं. प्लग लावण्याआधी मीटरने मोजा. कॅम्पग्राउंडवर विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर मध्ये घातल्याशिवाय जोडू नका.

पाणी : खरा शत्रू

आमच्या पहिल्या कॅम्परमध्ये वरच्या बिछान्याच्या डाव्या कोपऱ्यात भिंतीचा कागद किंचित फुगलेला होता. विकणारा म्हणाला, "उन्हाने होतं तसं." बोट दाबलं तर पावासारखं आत गेलं. कागद सोलला, तेव्हा मागची लाकडी पट्टी चहाच्या चोथ्यासारखी हातात आली. पाणी येत होतं कपाळावरच्या नारिंगी दिव्यांपैकी एका दिव्याच्या स्क्रूमधून. थेंब थेंब, कदाचित पाच पावसाळे. तो कोपरा दुरुस्त करायला मला एक उन्हाळा लागला.

म्हणून जुना कॅम्पर बघताना शेगडी चालते का हे शेवटी बघा. आधी बिछान्याची गादी उचला, कपाटांच्या आतले कोपरे, खिडक्यांखालची बाजू, छतातल्या झडपांचा काठ, सगळीकडे अंगठा दाबत जा. ओल मोजायचं छोटं यंत्र स्वस्त असतं, ते न्या. कुबट वास झाकायला विकणाऱ्याने सुगंधी वडी लटकवली असेल तर जास्तच लक्ष द्या.

स्वतःच्या कॅम्परचं छत वर्षातून निदान दोनदा, वसंतात आणि थंडीआधी, बघायलाच हवं. चढताना दुसऱ्याला शिडी धरायला सांगा आणि छतावर प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावर गुडघे टेका. झडपा, एसी, सौर पट्ट्यांचे बोल्ट, कडेच्या पट्ट्या अशा प्रत्येक जागी सीलंटला केसाएवढी चीर दिसली तरी ती भरा. भरायची रीत :

जुना सुटलेला थर प्लास्टिकच्या पात्याने खरवडा, धातूचं पातं रबरी छत कापतं. जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. आडव्या छतावर आपोआप पसरणारं लॅप सीलंट वापरा, उभ्या बाजूला न ओघळणारं. दिवा किंवा खिडकी काढून परत बसवत असाल तर चौकटीखाली चिकट रबरी ब्युटिल टेप हवीच. नुसतं वरून सीलंट फासणं म्हणजे फुटक्या मडक्याला बाहेरून रंग. आणि बाथरूमचं सिलिकॉन अजिबात नको. ते एकदा सुटलं की त्याच्या तेलकट थरावर पुन्हा काहीच चिकटत नाही. रबरी छताला पेट्रोलियम असलेलं क्लीनरही चालत नाही, त्याने छत फुगतं. जोराच्या फवाऱ्याने धुणं तर सांध्यात पाणी ढकलणंच.

बाहेरचं पाणी अडवलंत तरी आतलं उरतंच. दोन माणसं रात्रभर श्वास घेतात आणि वर आपला स्वयंपाक. लेडव्हिलसारख्या १० हजार फुटांवरच्या गावात पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ उघड्या भांड्यात शिजतच नाही, म्हणजे कुकर आला. त्याच्या चार शिट्ट्यांनी सगळ्या काचांना घाम फुटतो. शिट्टी होताना छताचा पंखा बाहेरच्या दिशेने लावा. सकाळी गादी उभी करून तिच्या पोटाखालचा ओलावा वाळू द्या, नाहीतर महिन्याभरात काळी बुरशी दिसेल. आम्ही गादीखाली लाकडी पट्ट्या घातल्या, त्यानंतर त्रास बराच कमी झाला.

टाक्या आणि थंडी

पिण्याच्या पाण्याची टाकी मोसमाच्या सुरुवातीला निर्जंतुक करा. १५ गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच, आधी बादलीभर पाण्यात मिसळून. सगळे नळ ब्लीचचा वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा. कॅम्पग्राउंडच्या नळाला दाब कमी करणारा रेग्युलेटर लावल्याशिवाय पाइप जोडू नका.

मैल्याची टाकी, म्हणजे 'काळी टाकी', भरत आली की ती रिकामी करायच्या जागी, डंप स्टेशनवर, जायचं. हातमोजे घाला, आधी काळी टाकी मोकळी करा, मग सिंकच्या पाण्याची, म्हणजे तिच्या पाण्याने पाइप धुतला जातो. कॅम्पग्राउंडवर पाइप जोडून काळ्या टाकीची झडप उघडीच ठेवायची चूक नवे लोक करतात. पातळ वाहून जातं, घट्ट तळाशी सिमेंट होऊन बसतं.

कोलोरॅडोत ऑक्टोबरमध्ये नळ गोठतात. त्याआधी सगळ्या टाक्या रिकाम्या करा. गिझर थंड झाल्यावरच त्याचा बूच काढा आणि बायपास फिरवा. मग पंपाने कॅम्परसारख्या गाड्यांसाठीचा न गोठणारा गुलाबी द्रव, म्हणजे आरव्ही अँटिफ्रीझ, प्रत्येक नळातून गुलाबी पाणी येईपर्यंत चालवा, गरम-थंड दोन्ही, फ्लशसुद्धा. सिंकच्या खालच्या वळणात एकेक कप ओता. गुलाबी द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. गाडीच्या रेडिएटरमधलं हिरवं अँटिफ्रीझ विष आहे, ते पाण्याच्या नळ्यांत कधीच नको.

मग बॅटरी काढून घरात आणा. फ्रिज पुसून दारात टॉवेल अडकवून ते उघडं ठेवा. तळातून वायर-पाइप आत येतात ती भोकं लोखंडी किसाने बुजवा, नाहीतर डिसेंबरात उंदीर तुमच्या गादीतून कापूस नेतात. कॅम्पर जॅकवर उभा राहणार असेल तर तो शक्य तितका खाली आणा, पोटाखाली भक्कम ठोकळे द्या आणि पुढची बाजू थोडी उंच ठेवा, म्हणजे छतावरचं वितळलेलं बर्फ मागे वाहून जातं. मोठी बर्फवृष्टी झाली की लांब दांड्याच्या मऊ झाडूने छत मोकळं करा आणि त्याच फेरीत दार उघडून आत एकदा नाक घाला. कुबट वास आला तर वसंताची वाट न बघता गादी उचला.